स्थलांतर, गुन्हेगारी आणि अमेरिकेची दक्षिण सीमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या या वादात दोन्ही बाजू आकडे तोंडावर फेकतात, आणि बहुतेक वेळा दोघांचेही आकडे खरे असतात. गडबड असते ती नेमकं काय मोजलंय यात. म्हणून खालच्या उत्तरांत मोजणीवर जास्त वेळ घालवला आहे.

‘बेकायदा स्थलांतरित’ म्हणजे नेमके कोण?

कायद्याच्या दृष्टीने हा एकच गट नाही. निदान चार प्रकार वेगळे धरावे लागतात. पहिला, तपासणी नाक्यावर न जाता मधूनच सीमा ओलांडून आलेले. दुसरा, रीतसर व्हिसावर विमानाने आलेले आणि मुदत संपल्यावर परत न गेलेले. तिसरा, आश्रयाचा अर्ज करून निकालाची वाट पाहणारे. यांना राहण्याची मुभा असते, पण कायमचा दर्जा नसतो. चौथा, तात्पुरतं संरक्षण मिळालेले. प्यू रिसर्च सेंटरने २०२३ साठी दिलेला १ कोटी ४० लाखांचा अंदाज या सगळ्यांना धरून आहे. ज्याला फक्त पहिला प्रकार म्हणायचा आहे तो हाच आकडा वापरतो, आणि ज्याला तिसरा-चौथा वगळायचा आहे तो बराच खाली येतो. वाद तिथूनच सुरू होतो.

सीमा चोरून ओलांडणं हा फौजदारी गुन्हा आहे का?

हो. पहिल्यांदा पकडलं गेलं तर तो किरकोळ फौजदारी गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. एकदा हद्दपार होऊन पुन्हा शिरलं तर गंभीर गुन्हा: दोन वर्षांपर्यंत, आणि आधीची गंभीर शिक्षा नोंदीवर असेल तर १० किंवा २० वर्षांपर्यंत.

पण व्हिसाची मुदत उलटूनही राहणं हा फौजदारी गुन्हा नाही. ते दिवाणी उल्लंघन आहे. त्यासाठी हद्दपारी होऊ शकते, तुरुंगवास नाही. म्हणजे ‘ते सगळे गुन्हेगारच’ हे चूक, आणि ‘कागदपत्रं नसणं हा गुन्हाच नाही’ हे अर्धंच बरोबर.

‘एन्काउंटर’चे आकडे इतके मोठे कसे?

आपल्याकडे एन्काउंटर म्हटलं की डोळ्यांसमोर भलतंच येतं. इथे त्याचा अर्थ एवढाच, की सीमा यंत्रणेची एखाद्या व्यक्तीशी गाठ पडली आणि तशी नोंद झाली. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात: नाक्यांच्या मधल्या भागात बॉर्डर पेट्रोलने (सीमेवरच्या गस्ती दलाने) पकडलेले, नाक्यावर येऊन प्रवेश नाकारले गेलेले, आणि मार्च २०२० ते ११ मे २०२३ या काळात ‘टायटल ४२’ या आरोग्यविषयक आदेशाखाली लगेच परत ढकललेले.

दक्षिण सीमेवर २०२१ या आर्थिक वर्षात अशा सुमारे १७ लाख नोंदी झाल्या, २०२२ मध्ये जवळपास २४ लाख, २०२३ मध्ये जवळपास २५ लाख, २०२४ मध्ये २१ लाखांच्या वर. हे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतं, त्यामुळे कॅलेंडर वर्षाशी तुलना केली की हिशेब चुकतो.

यात दोन सापळे आहेत. नोंद घटनेची होते, माणसाची नाही. टायटल ४२ खाली परत पाठवलेल्यावर खटला होत नसे, म्हणून तोच माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करी. एका वर्षात दोनदा किंवा अधिक वेळा पकडले गेलेल्यांचं प्रमाण २०१९ मध्ये ७ टक्के होतं, ते २०२१ मध्ये २७ टक्क्यांवर गेलं. दुसरा सापळा असा, की जानेवारी २०२३ पासून दोन वर्षं ‘सीबीपी वन’ या ॲपवर वेळ घेऊन नाक्यावर येणाऱ्यांचीही नोंद याच खात्यात झाली. रांगेत उभा राहून आलेला आणि रात्री नदीतून आलेला, दोघेही एकाच आकड्यात.

मग जे पकडलेच गेले नाहीत त्यांचं काय?

कॅमेरा, सेन्सर किंवा पाऊलखुणांवरून कोणीतरी गेल्याचं कळलं, पण हाती लागलं नाही, अशांना ‘गॉटअवे’ म्हणतात. २०२२ आणि २०२३ मध्ये ही संख्या वर्षाला ६ लाखांच्या वर होती. हा अंदाज आहे, आणि कॅमेरे वाढले की तोही वाढतो. आश्रय मागणारा स्वतःहून गणवेशातल्या माणसाकडे चालत जातो. ज्याच्यावर जुनी शिक्षा किंवा हद्दपारीचा आदेश आहे त्याला मात्र टाळायचं असतं. सुरक्षेची चिंता खरी असेल तर लाखोंच्या एन्काउंटरपेक्षा हा लहान आकडा जास्त महत्त्वाचा. वादात मात्र त्याचा उल्लेख पुरवणीसारखा होतो.

स्थलांतरित जास्त गुन्हे करतात का?

अमेरिकेपुरतं उत्तर: एकूण स्थलांतरितांच्या बाबतीत नाही, आणि त्याचा पुरावा बराच भक्कम आहे. बेकायदा राहणाऱ्यांच्या बाबतीत उपलब्ध पुरावा त्याच दिशेचा आहे, पण तो थोड्या ठिकाणांहून आलेला आहे.

अर्थतज्ज्ञ रान अब्रामित्झ्की आणि सहकाऱ्यांनी १८७० ते २०२० या दीडशे वर्षांच्या जनगणनेच्या नोंदी तपासल्या. या सगळ्या काळात स्थलांतरितांचं तुरुंगातलं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा कधीच जास्त नव्हतं. १९६० नंतर ते आणखी घसरत गेलं आणि आता सुमारे ६० टक्क्यांनी कमी आहे. फक्त अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्यांशी तुलना केली तरी ३० टक्क्यांनी कमी.

असं का, याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. घरदार विकून, दलालाचं कर्ज काढून आलेला माणूस कमाईसाठी आलेला असतो. पकडला गेला तर शिक्षेच्या वर हद्दपारी असते, म्हणून तो पोलिसांच्या वाटेला जात नाही. आणखी एक कारण मोजणीतलंच आहे: गुन्हा केलेला माणूस शिक्षा भोगून हद्दपार होतो, त्यामुळे दुसरा गुन्हा करायला तो देशातच नसतो. स्थानिक गुन्हेगार मात्र सुटून परत त्याच गल्लीत येतो.

हे प्रमाण पिढीगणिक टिकत नाही. इथे वाढलेल्या मुलांचं प्रमाण हळूहळू इतर अमेरिकनांच्या जवळ जातं. ही गोष्ट दोन्ही बाजूंना गैरसोयीची, म्हणून फारशी बोलली जात नाही.

सगळे टेक्ससचेच आकडे का देतात?

कारण बाकी ठिकाणी ते जवळपास नसतातच. एफबीआयच्या राष्ट्रीय गुन्हे आकडेवारीत अटक झालेल्याच्या स्थलांतर-दर्जाची नोंद होत नाही. टेक्ससमध्ये अटकेनंतर बोटांचे ठसे एफबीआयबरोबर होमलँड सिक्युरिटी विभागाच्या (अंतर्गत सुरक्षेच्या केंद्रीय खात्याच्या) यादीशीही ताडले जातात, आणि जुळणीचा निकाल राज्याचं सार्वजनिक सुरक्षा खातं अटक आणि शिक्षेच्या नोंदींना जोडतं.

या नोंदींवर समाजशास्त्रज्ञ मायकेल लाइट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, २०१२ ते २०१८ या वर्षांचा. बेकायदा राहणाऱ्यांच्या तुलनेत अमेरिकेत जन्मलेल्यांच्या अटकेचं प्रमाण हिंसक गुन्ह्यांत दुपटीहून अधिक, अमली पदार्थांत अडीचपट आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांत चौपटीहून अधिक निघालं.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा: ठसे जुळायला आधी ते यादीत असावे लागतात. जो कधीच सीमा यंत्रणेच्या हाती लागला नाही, त्याचे ठसे यादीत नाहीत. अटक झाली तरी त्याची ओळख ‘बेकायदा’ म्हणून पटत नाही. अशांपैकी काहींची ओळख नंतर तुरुंगात चौकशी झाल्यावर पटते, कधी कधी काही वर्षांनी. म्हणून अगदी अलीकडच्या वर्षांचे आकडे घेतले तर ते कमीच दिसणार. खुनासारख्या, लांब शिक्षेच्या गुन्ह्यांत या दुरुस्तीने फरक बराच कमी होतो. चोरी आणि अमली पदार्थांत मात्र तफावत इतकी मोठी आहे, की एवढ्याने ती पुसली जाईल असं आम्हाला वाटत नाही.

दर काढताना नेमकी चूक कुठे होते?

बहुतेक वेळा छेदात. दर म्हणजे गुन्हे भागिले लोकसंख्या गुणिले एक लाख. अंशातल्या अटका मोजलेल्या असतात. छेदातली बेकायदा लोकसंख्या अंदाजाने धरलेली असते. अटका तेवढ्याच ठेवून लोकसंख्या १ कोटी १० लाखांऐवजी १ कोटी ४० लाख धरली, की दर आपोआप २१ टक्क्यांनी उतरतो. गुन्हा एकही कमी झालेला नसतो.

दुसरी चूक वयाची. गुन्हे जगभर सर्वाधिक घडतात ते पौगंडावस्थेच्या शेवटी आणि विशीच्या सुरुवातीला, तेही पुरुषांकडून. आलेल्या लोकसंख्येत तरुण पुरुष जास्त असतील आणि स्थानिकांत म्हातारे व मुलं जास्त, तर सरळ तुलना आलेल्यांना वाईट दाखवते. वय-लिंग जुळवून पुन्हा हिशेब करावा लागतो. मात्र एक लक्षात ठेवा: ‘का’ हे समजून घ्यायचं असेल तर जुळवलेला आकडा बरोबर, पण पोलिसांना उद्या किती काम पडेल यासाठी न जुळवलेलाच आकडा लागतो. ज्या गल्लीत चोरी झाली तिथे वय जुळवून कोणी राहत नाही.

केंद्रीय तुरुंगांत परदेशी नागरिक इतके जास्त का?

कारण स्थलांतराचे गुन्हे हे केंद्रीय गुन्हेच आहेत. पुन्हा घुसण्याचा खटला राज्याच्या कोर्टात चालत नाही. शिवाय खून, दरोडा, मारहाण यांचे बहुतेक खटले राज्यांकडे असतात आणि देशातले बहुसंख्य कैदी राज्यांच्या व काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) तुरुंगांत आहेत. फक्त केंद्रीय तुरुंगांवरून ‘इतके टक्के गुन्हेगार परदेशी’ म्हणणं म्हणजे वाहतूक कोर्टात उभं राहून सगळे गुन्हेगार ड्रायव्हरच असतात असा निष्कर्ष काढण्यासारखं आहे.

‘१३ हजार खुनी मोकळे सोडले’ हे खरं का?

आकडा खरा, वाक्य चूक. सप्टेंबर २०२४ मध्ये आयसीई या स्थलांतर कायद्याच्या अंमलबजावणी संस्थेने अमेरिकी संसदेच्या एका सदस्याला दिलेल्या पत्रात ‘अटकेत नसलेल्यांच्या’ यादीतल्या, खुनाची शिक्षा झालेल्या १३,०९९ परदेशी नागरिकांचा उल्लेख होता. इथे ‘अटकेत नाही’ म्हणजे आयसीईच्या अटकेत नाही. राज्याच्या तुरुंगात जन्मठेप भोगणाराही याच यादीत येतो. शिवाय यादी कित्येक दशकांची आहे. कोणा एका अध्यक्षाच्या काळातली नाही.

त्यातले काही खरोखर बाहेर होते, आणि त्याचं कारण पुढे हद्दपारीच्या प्रश्नात आहे.

पण युरोपात तर उलट चित्र दिसतं?

दिसतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. स्वीडनच्या गुन्हे प्रतिबंधक परिषदेच्या २०२१ च्या अहवालात, आई-वडील दोघेही स्वीडनमध्ये जन्मलेल्यांच्या तुलनेत परदेशात जन्मलेल्यांचं संशयित म्हणून नोंद होण्याचं प्रमाण अडीचपट होतं. स्वीडनमध्येच जन्मलेल्या, पण आई-वडील दोघेही बाहेरून आलेल्यांचं ३.२ पट. वय, उत्पन्न वगैरे जुळवल्यावर फरक बराच कमी होतो, पण संपत नाही.

जर्मनीत २०२३ मध्ये पोलिसांच्या संशयितांपैकी ४१ टक्के बिगरजर्मन होते. त्यातून निव्वळ स्थलांतर-कायद्याचे गुन्हे काढले की हे ३४ टक्क्यांवर येतं. हे संशयित आहेत, दोषी नव्हेत; त्यात पर्यटक आणि सीमापार टोळ्याही येतात, ज्या लोकसंख्येच्या छेदात नसतात. एवढं वजा करूनही लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा प्रमाण जास्तच राहतं.

अमेरिकेचा निष्कर्ष युरोपावर किंवा युरोपचा अमेरिकेवर चिकटवता येत नाही. अमेरिकेत आलेला माणूस, कागद असोत-नसोत, बहुधा लवकर कामाला लागतो. युरोपात आश्रयार्थी महिनोन्‌महिने कामाच्या परवानगीविना वसतिगृहात बसलेला असतो. हे एकमेव कारण नाही, पण दुर्लक्षिलं जाणारं नक्कीच आहे.

सीमेवर गर्दी वाढली की देशात गुन्हे वाढतात का?

राष्ट्रीय पातळीवर तसं दिसलं नाही. खुनांत सुमारे ३० टक्क्यांची झेप आली ती २०२० मध्ये, जेव्हा सीमेवरच्या नोंदी कमी होत्या. गर्दी विक्रमी असताना, २०२३ मध्ये, एफबीआयच्या आकड्यांनुसार खून ११ टक्क्यांहून जास्त घटले, आणि २०२४ मध्ये आणखी जवळपास १५ टक्के. यावरून गर्दीमुळे खून घटले असं म्हणू नका, तेही तितकंच चूक ठरेल. २०२१ च्या आकड्यांशी तर कशाचीच तुलना करू नका: त्या वर्षी नोंदीची पद्धत बदलली आणि न्यू यॉर्क व लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहरांच्या पोलिसांचे आकडे आलेच नाहीत.

भिंतीने फरक पडतो का?

भिंत माणसाला थांबवत नाही, त्याचा वेळ खाते. शहराच्या कडेला हे फार कामाचं: तिथे ओलांडणारा काही मिनिटांत वस्तीत मिसळतो, म्हणून दहा मिनिटांचा उशीर म्हणजे गस्तीची गाडी पोहोचते. वाळवंटात, जिथे रस्त्याला लागायला दोन दिवस चालावं लागतं, तिथे दहा मिनिटांनी काय होणार? म्हणून भिंतीबरोबर गस्तीचा रस्ता, दिवे, सेन्सर आणि माणसं लागतात. नुसत्या पोलादी खांबांना बॅटरीवरच्या करवतीने कापता येतं. कापलेला खांब जागेवर तसाच ठेवून पुन्हा वापरतातही.

बांधकामाच्या अडचणी वेगळ्याच. सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटर लांब आहे, आणि टेक्ससमध्ये ती रिओ ग्रांदे नदीच्या मधून जाते. पूरक्षेत्र आणि मेक्सिकोशी झालेला १९७० चा सीमा करार यांमुळे कुंपण नदीत घालता येत नाही, ते आत सरकवावं लागतं. नदी ओलांडणारा भिंतीला हात लावायच्या आधीच अमेरिकेच्या भूमीवर असतो आणि तिथूनच आश्रय मागू शकतो. ॲरिझोनात पावसाळ्यात ओढ्यांवरचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात, नाहीतर पाणी आणि ओंडके कुंपणच वाहून नेतात. सॅन दिएगोजवळ उंची ९ मीटर केल्यावर पडून जबर जखमी होणाऱ्यांची संख्या तिथल्या रुग्णालयात एकदम वाढली.

वाटही बदलते. १९९३ मध्ये एल पासो आणि १९९४ मध्ये सॅन दिएगो इथे बंदोबस्त कडक केल्यावर लोंढा ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळला आणि तहानेने मरणारे वाढले.

अलीकडची घट मात्र भिंतीची नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बॉर्डर पेट्रोलने सुमारे अडीच लाख पकडले. पुढच्याच महिन्यात, मेक्सिकोने रेल्वे आणि रस्त्यांवर अडवणूक सुरू केल्यावर, हे निम्म्यावर आलं. जून २०२४ मध्ये बायडेन यांनी सीमेवरचा आश्रय आवळला, जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो जवळपास बंद केला, आणि मार्च २०२५ मध्ये आकडा ७,००० च्या आसपास होता. या पंधरा महिन्यांत भिंत फारशी वाढली नव्हती. बदलली ती ‘आत गेलो तर राहता येईल’ ही अपेक्षा.

फेंटानिल स्थलांतरित आणतात का?

फेंटानिल हा अफूसारखा, पण कितीतरी तीव्र असा कृत्रिम अमली पदार्थ. जप्तीच्या नोंदी पाहिल्या तर बहुतांश माल अधिकृत नाक्यांवर आणि वाहन तपासणी चौक्यांवर, गाड्यांत लपवलेला सापडतो. २०२१ मध्ये फेंटानिल तस्करीत केंद्रीय कोर्टात शिक्षा झालेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के अमेरिकी नागरिक होते. टोळीच्या दृष्टीने हे सरळ आहे: नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, रोज ये-जा करणाऱ्यावर संशय कमी येतो, आणि काही किलो माल पेट्रोलच्या टाकीत, दारात किंवा डॅशबोर्डमागे मावतो. आश्रय मागून तासन्‌तास कोठडीत बसणाऱ्याच्या पाठीवर तो कोण देईल?

आक्षेप रास्त आहे, की जिथे शोधतो तिथेच सापडतं. मधल्या भागातून किती जातं ते जप्तीवरून कळत नाही. पण हे धरूनही पैसा लावायचा तर आधी नाक्यावरच्या क्ष-किरण यंत्रांवर लावा.

‘सँक्च्युअरी’ शहरात गुन्हेगार लपू शकतो का?

या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही; ढोबळपणे, केंद्राच्या स्थलांतर यंत्रणेला मर्यादितच सहकार्य करणारं शहर. व्यवहारात वाद एका कागदाचा आहे: डिटेनर. स्थानिक पोलिसांनी कोणाला अटक केली की ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे. हे सँक्च्युअरी शहरातही होतं, थांबवता येत नाही. जुळणी झाली तर आयसीई तुरुंगाला कळवते, की सुटकेच्या वेळेनंतर याला ४८ तासांपर्यंत धरून ठेवा. ही विनंती आहे, हुकूम नाही, असं २०१४ मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने एका खटल्यात सांगितलं. आणि नागरिकाला चुकून धरलं तर भरपाई काउंटीच्या माथी येते. म्हणून काही ठिकाणी न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट मागतात, काही ठिकाणी फक्त गंभीर गुन्ह्यांत धरतात.

डेव्हिड हॉसमन यांच्या २०२० च्या अभ्यासात अशा धोरणांनी हद्दपारी सुमारे एक-तृतीयांश घटली, पण गुन्ह्यांवर परिणाम दिसला नाही आणि हिंसक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची हद्दपारीही घटली नाही. तरीही धरून न ठेवलेल्या एखाद्याने पुढे गंभीर गुन्हा केला, असं घडतं. सरासरीने त्या घरच्यांचं समाधान होत नाही, आणि कायदे बहुधा अशाच घटनांनंतर होतात. जानेवारी २०२५ चा, खून झालेल्या विद्यार्थिनीच्या नावाचा लेकन रायली कायदा असाच: चोरी, घरफोडी, दुकानातून वस्तू उचलणं अशा आरोपांतही बेकायदा राहणाऱ्याला सक्तीने कोठडी.

शिक्षा झालेल्याला लगेच विमानात का बसवत नाहीत?

टप्पे असे: आधी राज्याची शिक्षा पूर्ण होते. मग आयसीईचा ताबा, हद्दपारीचा अंतिम आदेश (नसल्यास स्थलांतर न्यायालय), अपील, मग त्याच्या देशाच्या वकिलातीकडून प्रवासाचा कागद, मग विमान. गाडी अडते ती बहुधा दोन जागी. स्थलांतर न्यायालयांत २०२४ च्या अखेरीस ३५ लाखांहून अधिक प्रकरणं तुंबली होती आणि न्यायाधीश जेमतेम ७००. दुसरी जागा वकिलात: काही देश आपला माणूस परत घ्यायला कागदच देत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या झॅडविडास निकालानुसार नजीकच्या काळात परत पाठवणं शक्य दिसत नसेल, तर साधारण सहा महिन्यांनंतर कोठडीतून सोडावं लागतं. वरच्या यादीतले काही खुनी बाहेर होते ते अशाने.

यात भारतीय किती?

२०२३ या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या सर्व सीमा मिळून भारतीयांच्या जवळपास ९७ हजार नोंदी झाल्या, त्यातल्या बऱ्याच कॅनडाच्या बाजूने. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी लष्करी विमानाने १०४ जण अमृतसरला उतरवले गेले. ‘डंकी’च्या वाटेवरच्या दलालाने आश्रय ‘हमखास’ मिळतो असं सांगितलं तर एवढंच विचारा, की कोणत्या कारणासाठी? वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट, या पाचांपैकी एका कारणाने छळ होतो हे सिद्ध करावं लागतं. गरिबी आणि बेरोजगारी त्यात नाही. अर्ज अमेरिकेत पोहोचल्यापासून एका वर्षात करावा लागतो.

कागद नसलेला माणूस स्वतः गुन्ह्याला बळी पडला तर?

‘यू’ व्हिसा त्यासाठीच २००० मध्ये आला. ठरावीक गंभीर गुन्ह्याचा बळी असणं, जबर त्रास झालेला असणं आणि तपासात मदत करणं, या अटी. पोलिस किंवा सरकारी वकिलाने प्रमाणपत्रावर सही करावी लागते आणि ती सही सहा महिन्यांत वापरावी लागते. इथेच अनेकांचं घोडं अडतं, कारण केंद्रीय कायद्यात सही करायची सक्ती नाही. वर्षाला मुख्य अर्जदारांसाठी फक्त १०,००० व्हिसा, त्यामुळे वाट वर्षानुवर्षांची.

एखादा व्हायरल आकडा पाच मिनिटांत कसा तपासायचा?

या क्रमाने विचारा. घटना मोजल्यात की माणसं? अटक, आरोप की शिक्षा? ‘परदेशी’ म्हणजे ग्रीन कार्डवालेही धरलेत का? गुन्ह्यांत सीमा ओलांडण्याचाच गुन्हा मिसळलाय का (बॉर्डर पेट्रोलच्या ‘गुन्हेगार परदेशी’ तक्त्यात सर्वांत मोठा रकाना बहुधा तोच असतो)? वर्ष कोणतं, ऑक्टोबरचं की जानेवारीचं? आणि छेद दिलाय का? छेद नसेल तर तो आकडा दर नाही, नुसती बेरीज आहे.